रातवाल्याचा फिल्टर

"केबिनचा?" हातिमभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "इंजिनाचा म्हण ना, निंबा."

"इंजिनाचा पण द्या आणि केबिनचा पण द्या."

"पिकअपला?"

"मग काय विमानाला?"

हातिमभाई बोहरी स्टेशन रोडवर गाड्यांचे सुटे भाग विकायचे. माणूस गोड, पण गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय माल काढायचा नाही. "बावीस वर्षं झाली या काउंटरवर," ते म्हणाले. "पिकअपवाला येतो, इंजिनाचा फिल्टर मागतो, तोसुद्धा स्वस्तातला. केबिनचा मागणारा तू पहिला. लग्न जमलं काय तुझं?"

"आता पंचेचाळिसाव्या वर्षी?"

"मग गाडीत एवढं नाजूक कोण बसू राहिलं?"

खरं सांगायचं तर गाडीत कोण बसत होतं ते मी तोवर पाहिलेलंच नव्हतं.

त्यांनी इंजिनाच्या फिल्टरचे दोन खोके समोर ठेवले. त्यातलं मला कळत होतं. कागदाच्या घड्या एकसारख्या हव्यात, कडेचं रबर अंगठ्यानं दाबलं की परत वर यायला हवं, ट्यूबलाइटसमोर धरलं की उजेड सगळीकडून सारखा दिसायला हवा. मी दोन्ही फोडून पाहिले आणि चांगला निवडला. केबिनच्या फिल्टरबद्दल मात्र मला काडीचं ज्ञान नव्हतं. हातिमभाईंनी एक पांढरा काढला, एक काळा.

"हा पांढरा धूळ अडवतो. या काळ्यात कोळसा आहे, हा वाससुद्धा अडवतो. तुला कशासाठी पाहिजे?"

"मिरचीसाठी."

"मिरचीची धूळ की मिरचीचा वास?"

"ते मी कसं सांगू? मला मिरची लागतच नाही."

"मग पांढरा घे, धुळीला पुरे. आणि एक ऐक. याला हवा मारायची नाही. भरला की फेकायचा, नवा टाकायचा."

मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, केस वाढलेत का हे न्हाव्याला कोण विचारतं! इंजिनाचा फिल्टर शेठच्या नावावर घेतला आणि केबिनचा माझ्या खिशातून.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. नंदुरबारला दिवाळी झाली की मिरचीचा हंगाम सुरू होतो. शेतातून ओली लाल मिरची येते आणि गावाबाहेरच्या मोठ्या मोकळ्या जागांवर वाळत पडते. त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. लांबून बघणाऱ्याला ते लाल मैदान फार छान दिसतं. जवळ गेलं की तो आधी शिंकतो आणि मग डोळे पुसतो. आम्हाला काही होत नाही. माझा बाप पथारीवरच राबला, मी तिथंच पोत्यांवर झोपून मोठा झालो, माझं नाक केव्हाच मेलेलं आहे.

हसमुखशेठची पिकअप मी दिवसा चालवायचो. शेठच्या नावात हसू होतं, बाकी कुठंच नव्हतं. गाडी उभी राहिली की त्यांना झोप यायची नाही, म्हणून त्यांनी एका गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवले होते. सकाळी सात ते संध्याकाळी पाच मी शेतातून मिरची आणायची. रात्री आठला दुसऱ्यानं पपई भरून सुरतेला जायचं आणि पहाटे परत यायचं. पाचला मी गाडी पेट्रोल पंपावर लावायचो, किल्ली पंपाच्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवायचो. सकाळी येऊन त्याच खिळ्यावरून घ्यायचो. मधल्या वेळात दुसरा माणूस येऊन, रात्रभर गाडी चालवून, पहिल्या एसटीनं आपल्या गावी गेलेला असायचा. दोन हंगाम आम्ही एकाच सीटवर बसलो आणि एकदाही भेटलो नाही.

सीट पुढं ओढलेली असायची, म्हणजे तो माझ्यापेक्षा बुटका होता. आरसा खाली वळवलेला असायचा. गाडी झाडलेली असायची, त्यामुळे माणूस नीटनेटका होता हेही कळलं होतं. एवढंच.

माझं म्हणाल तर एकटा जीव सदाशिव. लग्न जमलं नाही, मग जमवणारेच वारले. पंपामागच्या खोलीत राहायचो, दोन माणसांची खिचडी टाकायचो आणि उरलेली सकाळी खायचो. लोकांना वाटायचं माझा स्वभाव तिरसट आहे. तो आहेच. पण तिरसट माणसालाही संध्याकाळी कुणीतरी जेवलास का म्हणून विचारावं असं वाटतं. मला विचारणारं कुणी नव्हतं. काही रविवार असे जायचे की सोमवारी पहिल्यांदा तोंड उघडल्यावर आपलाच आवाज मला परका वाटायचा.

त्या दिवाळीनंतर एका सकाळी समोरच्या कप्प्यात चिठ्ठी सापडली. वजनकाट्याच्या पावतीच्या पाठीवर, सातवीतल्या पोराच्या वळणाचं मोठं अक्षर:

"दिवसवाले भाऊ यांस नमस्कार. गाडीत मिरची लय भरली आहे. काच उघडली तर थंडी वाजते. काच लावून ब्लोअर लावला तर ठसका लागतो. काही करता आलं तर बघा. तुमचा रातवाला."

चिठ्ठी मी तीनदा वाचली. तुमचा, असं लिहिलं होतं. मी दिवसभर खिडक्या उघड्या टाकून फिरायचो, ब्लोअरला कधी हात लावला नव्हता. समोरचा कप्पा काढून मागं पाहिलं तर केबिनच्या फिल्टरची जागा रिकामी होती. शेठला विचारलं.

"मीच काढायला लावला," शेठ म्हणाले. "त्याच्यानं हवा कमी येते. ड्रायव्हर लोकांना कसले चोचले?"

म्हणून मी हातिमभाईंकडे गेलो होतो. फिल्टर बसवला आणि चिठ्ठी ठेवली: "बसवला आहे. कसं वाटतं कळवा. दिवसवाला."

चार दिवसांनी उत्तर आलं. सोबत सीटवर एक पिकलेली पपई होती. "भाऊ, लय आराम आहे. ठसका बंद. आता घरी दिवसा झोपही लागते. आईनं तुम्हाला आशीर्वाद सांगितला आहे. माझं नाव बुधा चौरे."

मी ती पपई एकट्यानं खाल्ली आणि पंपावर हवा भरणाऱ्या माणसाला उगीचच सांगितलं की माझ्या मित्रानं दिली. मित्र हा शब्द तोंडातून गेल्यावर माझं मलाच हसू आलं. पण खरंच, त्या दिवशी मी खूश होतो. माझ्या हातून कुणाला तरी झोप लागली होती.

आणि मग मी ठरवलं की या माणसाला पुन्हा त्रास होऊ द्यायचा नाही. हा माणूस आपल्याला टिकवायचा आहे. शेठकडे रातवाले टिकत नसत, वर्षा-दोन वर्षांत सोडून जात. हा गेला असता तर मला चिठ्ठी लिहिणारं या जगात कुणी उरलं नसतं.

इंजिनाचा फिल्टर मी दर आठवड्याला काढून टायरवर आपटायचो आणि हवा मारून साफ करायचो. सगळेच ड्रायव्हर करतात. आता केबिनचा फिल्टर रोज साफ करायला लागलो. संध्याकाळी पथारीवर शेवटची खेप उतरवली की कप्पा खोलायचा, फिल्टर काढायचा, दोन-चारदा आपटायचा. पथारीच्या शेडमध्ये पोती साफ करायला हवेचा कॉम्प्रेसर होता. त्याची नळी घेऊन फिल्टरच्या प्रत्येक घडीत हवा मारायची, मग बाणाची दिशा बघून परत बसवायचा. देठ खुडणाऱ्या बाया हसायच्या.

"निंबादादा, लेकराचं नाक पुसल्यासारखं काय करू राहिले रोज?" धुरपताबाई म्हणायची.

"तुमचं नाक पुसतो का मी? मग आपलं काम करा."

दर संध्याकाळी मी चिठ्ठी ठेवायचो: "फिल्टर साफ केला आहे." दुसरं काय लिहायचं ते सुचायचं नाही, म्हणून हेच. त्याची उत्तरं मात्र लांब असायची. त्याचं गाव विसरवाडीच्या आत, डोंगराला लागून होतं. घरी म्हातारी आई आणि दोन बैल. बायको बाळंतपणात गेली होती. तो कोकणा समाजाचा होता आणि पावरी वाजवायचा. पावरी म्हणजे भोपळा आणि बांबू जोडून केलेलं वाद्य. मार्गशीर्षात त्यांचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, त्यात तिच्या सुरावर माणसं फेर धरतात. "एकोणीस वर्षं मीच वाजवतो," त्यानं लिहिलं होतं. "नाच चालू असताना सूर तुटू द्यायचा नसतो. गालात वारा धरायचा आणि नाकानं श्वास घ्यायचा. पौर्णिमेला तुम्ही या. आईनं सांगितलं आहे."

कुणीतरी मला सणाला बोलावलं होतं. मी नवा शर्ट शिवायला टाकला.

तुम्ही विचाराल, संध्याकाळी तीन तास थांबला असता तर भेट झाली असती, मग थांबला का नाहीस? दोनदा थांबलोही होतो. साडेसात वाजले की उठून खोलीवर जायचो. चिठ्ठीतला दिवसवाला चांगला माणूस होता. प्रत्यक्षातला त्याला आवडेल याची मला खात्री नव्हती. पौर्णिमेपर्यंत ते पुढं ढकललेलं बरं वाटायचं.

आठ-दहा दिवसांनी त्याच्या चिठ्ठ्या आखूड व्हायला लागल्या. मग एक आली: "भाऊ, ठसका परत सुरू आहे. तुमचा दोष नाही. थंडी वाढली आहे म्हणून असेल."

मी तसाच हातिमभाईंकडे गेलो. "तो काळा द्या, कोळशाचा."

"पांढऱ्याचं काय झालं? पंधरा दिवस नाही झाले."

"मिरची थांबत नाही त्याच्यानं."

"थांबायला पाहिजे," ते पुटपुटले. "घेऊन ये बरं तो, बघतो."

"फेकला," मी खोटंच सांगितलं आणि काळा घेऊन निघालो. त्या दिवशी मी थांबलो असतो, जुना फिल्टर आणून दाखवला असता तर पुढचं टळलं असतं. पण मला घाई होती. पाचच्या आत तो बसवून, साफ करून ठेवायचा होता. होय, नवा कोरा फिल्टरही मी बसवण्याआधी पथारीवर हवा मारून घेतला, खोक्यातली धूळ असेल म्हणून.

मग मी आणखी कसून साफ करायला लागलो. आधी पाच मिनिटं घ्यायचो, आता पंधरा घेऊ लागलो. धुरपताबाई हसायची बंद झाली. "कुणासाठी एवढं करता, दादा?" तिनं एकदा विचारलं. "आहे एकजण," मी म्हणालो. ते म्हणताना छाती फुगली होती माझी.

पौर्णिमेला सहा दिवस होते तेव्हा सकाळी कप्प्यात चिठ्ठी मिळाली. अक्षर हललेलं होतं.

"भाऊ, आजपासून गाडी सोडली. खोकला थांबत नाही, रात्री श्वास पुरत नाही. डॉक्टर म्हणतो मिरचीच्या गाडीत बसलास तर छाती कायमची जाईल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही रोज फिल्टर साफ करून ठेवला म्हणून इतके दिवस तरी निघाले. नाहीतर आधीच गेलो असतो. पौर्णिमेला नक्की या. वाट बघतो. बुधा."

शेठला सांगायला गेलो तर त्यांना कळलेलं होतं. "दुसरा लावला," ते म्हणाले. "तू तुझं बघ."

मला राग आला आणि तो काढायला जागा एकच होती. फिल्टर उपसला आणि हातिमभाईंच्या काउंटरवर आदळला.

"हा तुमचा कोळशाचा! माणूस गेला माझा. काही उपयोगाचा नाही तुमचा माल."

"गेला म्हणजे?"

"काम सोडून गेला. छाती खराब झाली त्याची."

हातिमभाईंनी काउंटरवर एक पांढरा कागद पसरला आणि फिल्टर त्यावर हळूच आपटला. कागदावर लाल पूड पडली. पुन्हा आपटला, पुन्हा पडली. मग त्यांना शिंक आली. एक, दोन, तीन. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक खोकत बाहेर गेलं. हातिमभाईंनी रुमालानं डोळे पुसले.

"एवढी मिरची बाहेरच्या हवेनं पंधरा दिवसांत येत नाही, निंबा. काय करतो तू याला?"

"काय करणार? रोज साफ करतो."

"कसा?"

"हवा मारून."

"कुठं?"

"पथारीवर. शेडमध्ये कॉम्प्रेसर आहे ना."

त्यांनी लाल पूड पडलेल्या कागदाची पुडी केली. मग फार हळू आवाजात म्हणाले, "त्या कॉम्प्रेसरमध्ये हवा कुठून येते?"

कॉम्प्रेसर शेडमधली हवा ओढत होता. त्या शेडमध्ये सुकी मिरची पोत्यांत भरत, हवेत लाल धूर तरंगत असायचा. तीच हवा दाबून मी फिल्टरच्या घडीघडीत भरत होतो. रात्री आठला बुधा काचा लावून ब्लोअर सुरू करायचा आणि मी भरलेली मिरची सरळ त्याच्या तोंडावर जायची. मला तिचा वास यायचा नाही, कारण माझं नाक मेलेलं होतं. तो जितका खोकला तितका मी जास्त वेळ हवा मारली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. मी खुर्ची ओढून बसलो. हातिमभाईंनी पाणी दिलं.

"मी बोललो होतो हवा मारू नको म्हणून," ते म्हणाले आणि लगेच, "जाऊ दे. तुला कुठं माहीत होतं."

पौर्णिमेला मी नवा शर्ट घालून एसटीनं विसरवाडीला उतरलो आणि तिथून जीपनं आत गेलो. रस्ताभर ठरवत होतो की सांगायचं, आणि रस्ताभरच ठरवत होतो की नाही सांगायचं. दुपारचे तीन वाजले होते. पाड्याच्या मधोमध मोकळ्या जागेत माणसं फेर धरून नाचत होती आणि मध्यभागी एक उंच माणूस पावरी वाजवत होता. बुधा बुटका असणार हे मला माहीत होतं. म्हणजे हा तो नव्हता.

"दिवसवाले?" मागून आवाज आला.

बाजूच्या ओट्यावर घोंगडी पांघरून एक बारीक माणूस बसला होता. डोळे खोल गेलेले, पण हसरे. दोन वर्षं मी ज्याची सीट मागं ढकलत होतो तो हा.

"कसं ओळखलं?" मी म्हणालो.

"सीट केवढी मागं असायची! एवढ्या लांब पायांचा दुसरा कोण येणार इकडं?"

तो हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी उभा राहिलो, कुठं बघावं कळेना. मग त्यानं हाक मारली, "आई, आले बघ ते! फिल्टरवाले भाऊ!"

म्हातारी आतून धावत आली. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि माझी बोटं आपल्या कपाळाला लावली. मग शेजारपाजारची माणसं आली. सगळ्यांना माझ्याबद्दल माहीत होतं. हाच तो. बुधाच्या गाडीची रोज काळजी घेणारा. स्वतःच्या खिशातून फिल्टर आणणारा. एका म्हाताऱ्यानं मला खाटेवर बसवलं आणि विचारलं, "जेवले का?"

इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदा कुणी विचारलं.

आईनं नागलीची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. "आज जायचं नाही," ती म्हणाली. "आज मुक्काम. देवाच्या दिवशी पाहुणा परत जात नसतो."

"राहा भाऊ," बुधा म्हणाला. "माझ्या घरात जागा आहे. सकाळी मी येतो सोडायला रस्त्यापर्यंत."

"तुम्ही नाही वाजवत?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

त्यानं नाचणाऱ्यांकडे पाहिलं. "तो खालच्या पाड्याचा, बोलावून आणला. चांगलं वाजवतो. मी काल घेऊन बसलो होतो, पण गालात वारा धरला की छातीत कळ येते. सूर तुटतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ते जाऊ द्या. तुम्ही आलात. भाऊ, दोन वर्षं गाडी चालवली मी. मालकानं कधी पाणी विचारलं नाही. आईला म्हणायचो, बाहेर सगळं असंच आहे, पण एक माणूस आहे, रोज संध्याकाळी माझ्यासाठी फिल्टर साफ करायला थांबतो. सुरतेच्या रस्त्याला रात्री झोप यायला लागली की मी तुमचा विचार करायचो. खरं सांगतो."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. सगळीकडून मला मान मिळत होता आणि प्रत्येक शब्दागणिक मी आणखी लहान होत होतो. मला हलकं व्हायचं होतं. आता विचार करतो तेव्हा कळतं, मला तेवढंच हवं होतं. मी आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं आणि सांगून टाकलं. कॉम्प्रेसर, शेड, पथारीची हवा, हातिमभाईंचा कागद, सगळं.

"मीच भरू राहिलो होतो ती मिरची," मी म्हणालो. "रोज."

बुधा ऐकत होता. मधे एकदा त्यानं घोंगडी नीट ओढून घेतली.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज. तुमचा खोकला वाढला तसा जास्त वेळ. मला माहीत नव्हतं, बुधाभाऊ. शपथेनं सांगतो, माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर केलं नसतं तुम्ही. ते कळतंय मला."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, त्यानं मान हलवली. फेर चालूच होता. पावरीचा सूर न तुटता चालला होता. बुधा बराच वेळ त्या वाजवणाऱ्याच्या गालांकडे बघत बसला.

मग म्हणाला, "हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, भाऊ."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या नोकरीतून छातीचा आजार घेऊन तो घरी आला होता आणि सोबत एकच चांगली गोष्ट आणली होती. माझं ओझं उतरवायला ती मी त्याच्या हातातून काढून घेतली होती.

"आईला सांगू नका," तो पुढं म्हणाला. "ती सगळ्या पाड्याला सांगत फिरते तुमचं. तिच्यापुरतं राहू द्या."

"नाही सांगत."

आई तेवढ्यात तांब्या घेऊन आली. पाणी दिलं, माझ्या ताटाकडे बघून लटकं रागावली, "खाल्लंच नाही काही! आवडलं नाही का?" मी घाईनं घास तोंडात टाकला. "रात्री कोंबडा कापते," ती बुधाला म्हणाली. "यांचं अंथरूण आतल्या खोलीत टाक, बाहेर थंडी लागेल."

बुधानं मान वर केली नाही. "त्यांना जायचं आहे, आई," तो म्हणाला. "गाडी सोडून आलेत ते."

म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.

ती आत भाकरी बांधायला गेली तेव्हा तो माझ्याकडे वळला. पहिल्यासारखाच हसला, पाहुण्याकडे बघून हसतात तसा.

"शेवटची एसटी साडेपाचला असते," तो म्हणाला. "चुकायला नको."

माझ्या घड्याळात तेव्हा चारही वाजले नव्हते.